जुन्या साहसकथा आणि सहीच्या प्रती जमवताय? या चुका टाळा

किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर उकिडवं बसून एकदा मी मुलांची एक जुनी साहसकथा उचलली. पुठ्ठा बांधणी, मुखपृष्ठावर भरधाव घोडेस्वार, कोपरे झिजून गोल झालेले. विकणारा ओळखीचाच. "ताई, चाळीस सालच्या आसपासची पहिली आवृत्ती आहे. आज सोडलीत तर गेली." मी सोडली नाही. घासाघीसही न करता सातशे रुपये मोजले आणि मुलुंडपर्यंत लोकलमध्ये उभ्यानं येताना पिशवी छातीशी धरून ठेवली. घरी येऊन चष्मा लावला, आतलं पान पाहिलं, तर प्रकाशकाच्या पत्त्यात 'मुंबई ४०० ००४'. सहा आकडी पिन कोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. माझी चाळीस सालची पहिली आवृत्ती बांगलादेशच्या युद्धानंतर छापलेली होती!

मुखपृष्ठ बघून आवृत्ती ठरवणं

त्या दिवसापासून जुनं पुस्तक हातात आलं की मी आधी ते पालथं घालते. मुखपृष्ठ बघितलं की मन पाघळतं, आणि पाघळलेल्या मनानं आवृत्ती ओळखता येत नाही. खरी माहिती असते शीर्षकपानाच्या मागे किंवा अगदी शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात. छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-गाव पुस्तकावर छापणं १८६७ च्या कायद्यानंच बंधनकारक होतं. त्यामुळे जुन्या मराठी पुस्तकात या ओळी कुठेच दिसल्या नाहीत, तर ते पान गेलंय किंवा त्यावर काहीतरी चिकटवलंय असं समजा.

सालाची गंमत अशी की ते बऱ्याचदा शकात असतं. 'शके १८७५' वाचून एकोणिसाव्या शतकातलं घबाड हाती लागल्याच्या आनंदात एकीला मी स्वतः पाहिलंय. शकात ७८ मिळवा, म्हणजे १९५३ येतं. जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंतचं पुस्तक असेल तर ७९.

साल छापलेलंच नसेल तर किमतीकडे वळा. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, फार तर त्या संक्रमणातल्या एक-दोन वर्षांतलं. 'नये पैसे' असं छापलं असेल तर काम आणखी सोपं, कारण 'नये' हा शब्द १ जून १९६४ ला गळला. म्हणजे सात वर्षांची खिडकी तुम्हाला आयती मिळाली. किमतीवर कागदाची चिठ्ठी डकवलेली दिसली तर मात्र ती नखानं खरवडू नका. पान उजेडाकडे धरा, खालचा आकडा बहुतेक वेळा दिसतो. शिल्लक प्रतींवर वाढीव किमतीची चिठ्ठी लावायची पद्धत जुनी आहे, ती चिठ्ठीही त्या प्रतीच्या इतिहासाचाच भाग.

मग शुद्धलेखन. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे. त्यांनी 'कांहीं', 'नाहीं', 'मुलानें' यांवरचे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. १९४८ सालची म्हणून दाखवलेली प्रत उघडली आणि आत स्वच्छ 'काही' नि 'नाही' दिसलं, तर मजकूर बहुधा नंतर पुन्हा जुळवलाय. उलटं मात्र धरून चालू नका. अनुस्वार आहेत म्हणून पुस्तक जुनंच, असं नाही. कित्येकांनी पुढे वर्षानुवर्षं जुन्याच वळणानं छापलं, आणि ऑफसेटवर तर जुन्या पानाचा फोटो घेऊन जशीच्या तशी प्रत काढता येते.

तिथे बोट कामाला येतं. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून छापलेल्या पानात अक्षर किंचित रुततं. पान उलटून मागच्या बाजूनं हलक्या हातानं बोट फिरवा, बारीकशी खरखर लागते. ऑफसेटचं पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. फाउंटनच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात उभी राहून मी डोळे मिटून पानावरून बोट फिरवत असते, तेव्हा शेजारचा गिऱ्हाईक मला वेडी समजतो. समजू दे.

एवढं करूनही शंका उरली तर दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग गाठा आणि शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' मागा. जुने लोक तिला नुसतं 'दाते सूची' म्हणतात. १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० अशा दोन टप्प्यांतल्या मराठी पुस्तकांची नोंद त्यात सापडते. हजारांच्या घरातला व्यवहार करण्याआधी एक दुपार तिथे घालवणं स्वस्त पडतं.

इंग्रजी पुस्तकातलं कॉपीराइटचं साल

बांद्रा-दादरकडची जुनी घरं रिकामी झाली की जे लॉट निघतात, त्यांत इंग्रजी साहसकथा ढिगानं असतात. त्यात सगळ्यात जास्त फसवतं ते कॉपीराइटचं साल. 'हार्डी बॉइज' या अमेरिकी मालिकेचं पहिलं पुस्तक १९२७ चं. पण नंतर कितीतरी वर्षं पुन्हा पुन्हा छापलेल्या प्रतींवरही तेच १९२७ आहे. ते साल मजकुराचं, कागदाचं नव्हे. वेष्टनावर, म्हणजे पुठ्ठ्यावरच्या सुट्या कागदी आवरणावर, मालिकेतल्या पुस्तकांची यादी असते, तिच्यातलं शेवटचं नाव बघा. ते पुस्तक ज्या साली आलं, त्याच्या आधी तुमची प्रत छापलेली असूच शकत नाही. शिवाय १९५९ पासून ही मालिका पुन्हा लिहून काढली, गोष्टी छाटल्या. जुन्या पुस्तकांत साधारण पंचवीस प्रकरणं, नव्यांत वीस. प्रकरणं मोजायला दहा सेकंद लागतात.

एनिड ब्लायटनच्या 'फेमस फाइव्ह'चं तसंच. पहिलं पुस्तक १९४२ चं, एकविसावं १९६३ चं. पहिल्या पुस्तकाच्या वेष्टनावर पुढच्या दहा भागांची नावं असतील तर वेष्टन तरी नंतरचं आहे. आपण लहानपणी ज्या वाचल्या त्या बहुतेक स्वस्त कागदी बांधणीच्या प्रती होत्या. त्या जमवाव्यात, मीही जमवते, पण त्यांना पहिली आवृत्ती म्हणून भाव देऊ नये. आणि ब्रिटिश पुस्तकाचं मूळ वेष्टन शाबूत असेल तर किमतीचा मोठा हिस्सा त्या एका कागदाचा असतो. म्हणूनच हल्ली रंगीत झेरॉक्सची वेष्टनं निघतात. भिंग लावून बघा. नवी प्रत असली की जुन्या घड्या आणि डागसुद्धा छापलेले दिसतात, बोटाला लागत नाहीत.

छापील सहीला सही समजणं

एनिड ब्लायटनची सही तिच्या असंख्य पुस्तकांवर बोधचिन्हासारखी छापलेली असते. ती दाखवून 'साइन्ड कॉपी' म्हणणारे लोक आहेत, आणि ते सगळेच लबाड नसतात. काहींना खरोखरच माहीत नसतं. मराठीत हाच घोळ चित्रकारांच्या बाबतीत होतो. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवरची रघुवीर मुळगावकरांची चित्रं, किंवा दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं यांच्या कोपऱ्यात सही असते. ती चित्रासोबत ब्लॉकमधून, म्हणजे छपाईच्या ठशातून, उमटलेली असते. भिंगाखाली ठिपके दिसले की विषय संपला. शाईची सही ठिपक्यांची नसते. ती कागदाच्या धाग्यांत थोडी पसरते, आणि रेघा एकमेकींना छेदतात तिथे गडद होते.

सहीखाली तारीख असेल तर तिचा पुस्तकाशी आणि लेखणीशी मेळ घाला. बॉलपेन बाजारात रुळलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, म्हणून १९३८ सालची बॉलपेननं केलेली सही मला दाखवू नका. ब्लायटनबाई १९६८ च्या नोव्हेंबरमध्ये गेल्या, तेव्हा सत्तरच्या दशकात छापलेल्या प्रतीवर त्यांची सही कुठून येणार? 'हार्डी बॉइज'चा लेखक फ्रँकलिन डब्ल्यू. डिक्सन तर मुळात अस्तित्वातच नव्हता. ते एका कंपनीनं ठेवलेलं टोपणनाव. पहिली पुस्तकं लेस्ली मॅकफार्लेन या कॅनेडियन माणसानं लिहून दिली. डिक्सनची सही कुणी विकायला आणली, तर ती कुणाच्या हातची, एवढंच विचारा आणि गंमत बघा.

माझ्या मते मराठी पुस्तकांत नुसत्या सहीपेक्षा अर्पणाचा मजकूर असलेली प्रत चांगली. 'चि. अमुक यास वाढदिवसानिमित्त, सप्रेम' असं दोन-तीन ओळींत लेखकाचं हस्ताक्षर असलं की ताडून बघायला अक्षरं तरी मिळतात. त्याच लेखकाचं पत्र, दिवाळी अंकात छापलेलं हस्ताक्षर, काहीही चालतं. एकट्या सहीची नक्कल एका संध्याकाळी जमते, तीन ओळींची जमत नाही. अर्पण खोडलेली प्रत स्वस्तात मिळाली तर घ्या. स्वतः मात्र कुणाचं नाव कधी खोडू नका, आणि शाळेच्या बक्षिसाची चिठ्ठीही काढू नका.

पैसे देण्याआधी पानं मोजायची राहून जातात, ही चूक मी अजूनही करते. जुन्या पुस्तकात दर आठ किंवा सोळा पानांनी, पानाच्या तळाशी फर्म्याचा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या जुडीचा, छोटा आकडा असतो. १, २, ३ असे ते आकडे ओळीनं लागले की मधला फर्मा गळलेला नाही. चित्रांची पानं मात्र वेगळ्या कागदावर छापून मध्ये चिकटवलेली असतात, ती या हिशोबात येत नाहीत. चित्रांची यादी असेल तर तिच्याशी ताडून बघा. मुलांच्या पुस्तकातलं चित्र फाडून भिंतीवर लावणारं मूल प्रत्येक घरात एक तरी होतं.

बाइंडरच्या हवाली करणं

माझी सगळ्यात महागडी चूक हीच. एका साहसकथेचा कणा सुटला होता. मी ती कोपऱ्यावरच्या बाइंडरकडे दिली आणि "नीट बांधून द्या, काका" म्हणून निघून आले. चार दिवसांनी हिरव्या रेक्झिनमधलं, सोनेरी अक्षरांचं, लग्नाच्या अल्बमसारखं पुस्तक हातात आलं. मूळ मुखपृष्ठ? "ते फाटलं होतं ना, टाकलं." तिन्ही कडा मशीनवर कापून सारख्या केलेल्या, त्यात वरच्या समासातली पेन्सिलची टिपणं अर्धी गेलेली. काकांचं काही चुकलं नाही. त्यांनी वाचनालयाच्या पुस्तकाला करतात तेच केलं. मी काय करू नये ते सांगितलं नव्हतं.

आता मी चिठ्ठीवर लिहून देते: कडा कापायच्या नाहीत, मूळ मुखपृष्ठ आणि अस्तराची पानं आतच ठेवायची, फेव्हिकॉल वापरायचा नाही. फेव्हिकॉल एकदा सुकला की कागद फाडल्याशिवाय निघत नाही. गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ पुढे कधी ओलावून सोडवता येते. सेलोटेप तर घरातूनच हद्दपार करा. पाच-दहा वर्षांत टेप गळून पडते आणि तिचा पिवळा, चिकट पट्टा कागदात कायमचा मुरतो. फाटलेलं पान जोडायचं तर पातळ जपानी टिश्यू आणि खळ. तेवढा धीर नसेल तर पान फाटकंच राहू द्या, पुस्तक साध्या सुती फितीनं बांधून ठेवा.

मुंबईच्या पावसाशी हुज्जत

हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरू लागते. मुंबईत जून ते सप्टेंबर ती त्याच्या खाली क्वचितच उतरते. तरी आपण काय करतो? बाहेरच्या भिंतीला लोखंडी कपाट टेकवतो, त्यात पुस्तकं गच्च कोंबतो, डांबरगोळ्या टाकतो आणि दिवाळीपर्यंत दार उघडत नाही. भिंतीची ओल कपाटाच्या पत्र्यावर घाम धरते, आणि पहिली बळी पडते ती मागची रांग. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, पुस्तकांमागे मोकळी जागा ठेवा, उघडीप मिळाली की दार तासभर उघडं ठेवा. आकड्यांचा आर्द्रतामापक काही फार महाग नसतो, तो आत ठेवला की भांडण अंदाजावर राहत नाही. सिलिका जेलच्या पुड्या चालतात, पण निळे दाणे गुलाबी झाले की त्या फक्त शोभेला उरतात. तापवून पुन्हा निळ्या कराव्या लागतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत सील करून ठेवलेलं पुस्तक सुरक्षित वाटतं, पण आधीच ओल धरलेलं असेल तर ते आत निवांत कुजतं.

पांढरी बुरशी दिसली तर घरात झटकू नका, ती शेजारच्या पुस्तकावर जाऊन बसते. पुस्तक वेगळं काढा, पंख्याच्या वाऱ्यात कोरडं होऊ द्या, मग तोंडाला मास्क लावून गॅलरीत मऊ ब्रशनं बाहेरच्या दिशेला साफ करा. आजी पुस्तकांना ऊन दाखवायची ते आठवतं ना? सावलीतला वारा ठीक आहे, पण ऑक्टोबरच्या उन्हात मुळगावकरांचा लाल रंग एका आठवड्यात फिका पडू शकतो. स्वस्त कागद तर लाकडाच्या लगद्याचा. ऊन लागलं की तो आणखी पिवळा पडतो आणि कोपरे पापडासारखे मोडतात.

कसर लागली असेल, म्हणजे पानांवर वेडीवाकडी खरवडलेली जागा आणि चंदेरी किडे दिसत असतील, तर फ्रीजर वापरा. पुस्तक पूर्ण कोरडं हवं. ते झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा आणि उणे १८ अंश किंवा त्याहून थंड फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. किडे नि अंडी मरतात, बुरशी मात्र मरत नाही. आमच्याकडे यासाठी पापलेटचा कप्पा रिकामा करावा लागला, त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. थंड कागदावर मुंबईची हवा क्षणात पाणी धरते. एक अख्खा दिवस तशीच टेबलावर राहू द्या, पिशवीच्या बाहेरचं दव पूर्ण सुकू द्या, आणि मगच झिप उघडा.