लग्नपत्रिकेवर नाजूक रेघांचा फॉन्ट वापरायचा तर

जाड आणि बारीक रेघेत ठळक फरक असलेला फॉन्ट पत्रिकेवर शोभतो, यात वाद नाही. देवनागरीत रोझा वन, इंग्रजीत बोदोनी घ्या. वधूवरांची नावं मोठी लावली की पत्रिका भारदस्त दिसते. रडगाणं छापून आल्यावर सुरू होतं.

मजकूर घरच्यांकडून पक्का करून घ्या. फॉन्ट युनिकोड हवा, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी अक्षरं ओळखणाऱ्या प्रमाण पद्धतीचा. निवडण्याआधी त्यात ‘कऱ्हाड’ लिहून बघा. सातारा-सांगलीच्या पत्रिकेत हे गाव कुठे ना कुठे येतंच, आणि ‘ऱ्ह’ नीट जुळत नसेल तर तो फॉन्ट आपल्या उपयोगाचा नाही.

आता खरी डोकेदुखी, बारीक रेघ. मलाही इथेच सर्वांत जास्त झगडावं लागलं. अठराव्या शतकात इटलीतल्या पार्मा इथे बोदोनी, ज्याच्या नावाचा हा फॉन्ट आहे तो मुद्रक, छपाई करत होता, तेव्हा प्रत्येक मापाचा टाइप वेगळा कोरला जाई; लहान मापाची रेघ टिकेल इतकी जाड ठेवता येई. संगणकावर बहुतेक फॉन्टचं एकच रेखाटन लहानमोठं होतं. १०० पॉइंटला (पॉइंट म्हणजे छपाईतलं माप, इंचाचा सुमारे बहात्तरावा भाग) २ पॉइंट असलेली रेघ १२ पॉइंटला ०.२४ पॉइंट उरते. म्हणून अक्षर १०० पॉइंटला लावून कर्व्ह करा, म्हणजे अक्षराची आकृती करा (मग मजकूर टाइप करून बदलता येत नाही), सर्वांत बारीक रेघ मोजा आणि हिशेब करा. अंदाजाने चालू नका.

गुळगुळीत आर्ट पेपरवर काळ्या शाईत पाव पॉइंट निभावतो. खरखरीत कागदावर मी अर्ध्याखाली जात नाही. मरून पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर सोडायचं असेल तर पाऊण पॉइंट तरी धरा: शाई दोन्ही बाजूंनी आत पसरते, शिवाय चार रंगांतला एखादा जरासा सरकला तरी रेघ गायब. सोनेरी स्क्रीन प्रिंटिंगमध्ये जाळीचे धागे बारीक रेघ तोडतात, तिथेही हाच नियम.

‘अक्षराभोवती आउटलाइन दे, जाड होईल’ हा सल्ला देणारा दर दुकानात एक असतो. ऐकू नका. बारीक रेघेबरोबर जाड रेघही सुजते, ‘क्ष’च्या पोकळ्या बुजतात, आणि ज्या डौलासाठी फॉन्ट घेतला तोच जातो. नाजूक फॉन्ट फक्त ‘श्री’ला आणि वधूवरांच्या नावांना ठेवा. निमंत्रकांची नावं, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता मुक्तासारख्या सरळ फॉन्टमध्ये. मुक्ता जरा कोरडा वाटतो, कबूल. पण आजोबांना चष्म्याशिवाय मिरज की तासगाव ते कळतं.

काळं अक्षर शंभर टक्के काळ्याचंच ठेवा, चार रंगांचं नको.

स्क्रीनवर चारशे टक्के झूम करून काही ठरवू नका. पहिला कागद निघताना छापखान्यात स्वतः उभे राहा. लग्नसराईत कुरकुर होईल, होऊ द्या. कागद हातभर लांब धरून सर्वांत लहान ओळ वाचा.

प्रेसला फाइल कर्व्ह करूनच द्या, पण मूळ फाइल जपून ठेवा. मुहूर्ताची वेळ बदलल्याचे फोन नेमके कर्व्ह केल्यावर येतात.