मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञान संक्षिप्त संकलनातून कसे वाचावे

तेराव्या शतकातला ख्रिस्ती पंडित थॉमस अक्वायनस याच्या 'सुम्मा थिओलॉजिका' या धर्मशास्त्रीय ग्रंथात ५१२ प्रश्न आहेत, त्यांत अडीच हजारांवर उपप्रश्न. एवढे लिहूनही ग्रंथ अपुराच. डिसेंबर १२७३ मध्ये त्याने लेखणी खाली ठेवली ती ठेवलीच. असा ग्रंथ पहिल्या पानापासून वाचायला बसणे म्हणजे उत्साहाची माती करणे. निवडक उताऱ्यांचे संकलन घ्या, त्यात कमीपणा नाही. त्या काळचे विद्यार्थीही संकलनांवरच वाढले. बाराव्या शतकात पीटर लोम्बार्डने आद्य ख्रिस्ती आचार्यांची वचने विषयवार चार भागांत लावली. धर्मशास्त्राचा पंडित व्हायचे तर पुढे कित्येक पिढ्या त्याच पुस्तकावर व्याख्याने द्यावी लागत.

पहिले काम निवडीचे. दुकानात किंवा ग्रंथालयात अक्वायनसचा एक उतारा उघडा आणि त्यात पूर्वपक्ष शिल्लक आहे का ते पाहा. त्याची मांडणी ठरलेली असते: आधी विरुद्ध बाजूचे आक्षेप, मग 'याउलट' म्हणून एखादे आप्तवचन, मग त्याचे स्वतःचे उत्तर, आणि शेवटी एकेका आक्षेपाचे खंडन. पूर्वपक्ष-उत्तरपक्षाशी परिचय असलेल्याला ही रीत परकी वाटणार नाही. जागा वाचवायला संपादक बहुधा आक्षेपांवरच कात्री चालवतात. संकलन पारखायला 'सुम्मा'चा भाग १, प्रश्न २, उपप्रश्न ३ काढा. ईश्वराच्या अस्तित्वाचे प्रसिद्ध 'पाच मार्ग' तिथे आहेत. सुरुवातीला दोन आक्षेप हवेत: अनंत चांगला ईश्वर असेल तर जगात वाईट कसे, आणि निसर्गानेच सगळ्याचा उलगडा होत असेल तर ईश्वर हवा कशाला? आजही लोक हेच विचारतात. ते गाळून नुसते पाच मार्ग छापले असतील तर पुस्तक परत ठेवा.

घरी आणल्यावर क्रमाने वाचू नका. एक वाद पकडा. माझ्या मते सुरुवातीला सर्वांत सोपा अकराव्या शतकातल्या अन्सेल्म या मठवासी पंडिताचा. १०७८ च्या सुमारास लिहिलेल्या 'प्रोस्लोगिओन'चे प्रकरण २ ते ४ वाचा, जेमतेम दोन-तीन पाने. ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही, ते (म्हणजे ईश्वर) केवळ मनात असून कसे चालेल, हा त्याचा युक्तिवाद. मग गौनिलो नावाच्या मठवासीचे 'मूर्खाच्या वतीने' (मूर्ख म्हणजे 'ईश्वर नाही' म्हणणारा) दिलेले उत्तर: याच न्यायाने सर्वोत्तम बेटही अस्तित्वात मानावे लागेल की! त्यावर अन्सेल्मचे प्रत्युत्तर. (टीका आणि प्रत्युत्तर दोन्ही आपल्या ग्रंथासोबतच नकलून ठेवावीत, अशी इच्छा अन्सेल्मनेच व्यक्त केली होती. आजच्या किती लेखकांना हे जमेल?) शेवटी अक्वायनसच्या प्रश्न २ चा उपप्रश्न १ वाचा. तिथे अन्सेल्मचा युक्तिवाद नाव न घेता आक्षेप म्हणून येतो आणि फेटाळला जातो. संकलनात हा उपप्रश्न नसेल, तर पुढची पायरी.

गाळलेल्या जागी टिंबे दिसली की मूळ शोधा. भाग, प्रश्न, उपप्रश्न हा पत्ता सगळ्या आवृत्त्यांत तोच असतो, आणि डॉमिनिकन धर्मगुरूंनी केलेले 'सुम्मा'चे जुने इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर फुकट मिळते. दर वादामागे एक तरी उपप्रश्न असा अखंड वाचा.

वहीत टोपणनावांसाठी एक पान ठेवा, नाहीतर गोंधळ उडेल. अक्वायनस नुसता 'तत्त्वज्ञ' म्हणतो तेव्हा ॲरिस्टॉटल, 'भाष्यकार' म्हणतो तेव्हा ॲरिस्टॉटलवर भाष्ये लिहिणारा मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न रुश्द, 'प्रेषित' म्हणजे संत पॉल. इब्न रुश्द, दुसरा मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न सीना आणि ज्यू पंडित मायमोनिडीस यांचे उतारे असलेले संकलन मिळाले तर तेच घ्या. ख्रिस्ती पंडित कोणाशी वाद घालत होते ते त्याशिवाय कळत नाही.

संपादकाची प्रस्तावना मात्र शेवटी वाचा. आधी वाचली की उताऱ्यांत तिचेच म्हणणे दिसू लागते.