रीजन्सी बॉलला पहिल्यांदा जाताय? या चुका टाळा

ब्रिस्टलला एमएस करत होते तेव्हाची गोष्ट. तिथून ट्रेनने जेमतेम पाव तासावर बाथ. सप्टेंबरात त्या गावात रीजन्सी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधल्या, पोशाखातल्या लोकांची जत्राच भरते. दुपारी नाचाचा वर्ग, रात्री बॉल, म्हणजे सगळ्यांनी मिळून नाचायचा समारंभ. मी दोन वर्षं गेले आणि पहिल्या वर्षी जे जे चुकायचं ते सगळं चुकले.

पहिली चूक कपड्यांची. ‘जुन्या काळचा गाऊन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पिंजऱ्यावर फुगवलेला घेर येतो. तो १८५० नंतरचा. रीजन्सी म्हणजे काटेकोरपणे १८११ ते १८२०, आणि तेव्हाच्या गाऊनची कंबर थेट छातीखाली, तिथून कापड सरळ खाली सोडलेलं. घेरदार झगा भाड्याने आणलात तर पैसे वाया जातीलच, शिवाय नाचाच्या रांगेत शेजारणीला उभं राहायला जागा उरणार नाही. मी दुसऱ्या वर्षी आईची जुनी मलमलची साडी कापून गाऊन शिवला. त्या काळी तिकडच्या बायका बंगालच्या मलमलीवर जीव टाकत, त्यामुळे आपलं कापड तिथे अजिबात परकं वाटत नाही. काश्मिरी शालीचंही तेच. स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावात तिची नक्कल विणली जायची, म्हणून आपल्या कोयरीला इंग्रज अजून त्या गावाच्या नावाने ओळखतात. घरून शाल आणली असेल तर भाड्याच्या दुकानात शोधत बसू नका.

आमच्यातला पुण्याचा एक मुलगा मात्र सगळ्यांवर कडी करून गेला. १८१८ पर्यंत पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई होती, मग मी टेलकोट का घालू, म्हणत तो अंगरखा आणि पागोटं घालून आला. आयोजकांना आधी मेल करून विचारलं होतं, एवढं मात्र केलं होतं. तुम्हीही विचारा.

गाऊन घोट्यापर्यंतच ठेवा. जमिनीवर लोळणारी किनार पहिल्याच नाचात कुणाच्या तरी बुटाखाली येते आणि टर्रकन् फाटते. पर्समध्ये चार सेफ्टी पिना असू द्यात.

आता बूट. गाऊनखाली कोणाला दिसतंय, म्हणून मी स्पोर्ट्स शूज घालून गेले. रबरी तळवा लाकडी फरशीला चिकटून बसतो. अंग वळतं, पाऊल वळत नाही आणि गुडघा पिळवटतो. तिसऱ्या नाचानंतर मी भिंतीकडच्या खुर्चीत. सपाट, चामडी तळव्याच्या पंपशूज घ्या आणि दुपारच्या वर्गालाही त्याच घालून जा.

वर्ग बुडवायचा नाही. ‘रात्री कॉलर (नाच सुरू असताना पुढे काय करायचं ते ओरडून सांगणारा) आकृत्या, म्हणजे नाचातल्या हालचाली, सांगतोच की,’ असं मलाही वाटलं होतं. तो पहिले दोन-तीन फेरे सांगतो, मग गप्प बसतो, कारण तोवर तुम्हाला पाठ झालेलं असतं असं तो धरून चालतो.

पावलं अवघड नसतात, बहुतेक वेळा चालायचंच असतं. घोटाळा होतो तो जागेचा. दोन लांब रांगा, समोर आपला जोडीदार, आणि दोन-दोन जोड्यांचा एक गट. एक फेरा संपला की पहिली जोडी एक घर खाली सरकते, दुसरी वर. नव्या शेजाऱ्यांबरोबर तोच नाच पुन्हा. दांडिया खेळलेल्यांना जोडी बदलण्याची सवय असते, पण इथे स्वतःचा जोडीदार बदलत नाही, फक्त शेजारी बदलतात. रांगेच्या टोकाला पोचलात की एक फेरा नुसतं उभं राहायचं, काही नाचांत जोडीदाराशी बाजूंची अदलाबदल करायची आणि उलट दिशेने परत रांगेत शिरायचं. नवखे नेमके इथे गडबडतात: नाच संपला समजून निघून जातात, आणि टोकाला आलेली पुढची जोडी समोर कुणीच नाही म्हणून बावचळते.

दोन्ही हात धरून गिरकी घेतात तेव्हा आपल्या मुलींचं अंग आपोआप फुगडीत जातं. मागे झुकू नका, ओढू नका. हात हलके, कोपर किंचित वाकलेलं, आठ पावलांत एक फेरी, बास. मी एका आजोबांना जवळजवळ पाडलं होतं. ते हसत म्हणाले, “गल्बताची शिडं सोडलीस की काय!”

आणि चुकलात तर? चुकलेली आकृती पुन्हा करायला जाऊ नका, सगळ्यात मोठी चूक तीच. संगीत थांबत नाही. तुम्ही दुरुस्ती करत असता तेव्हा बाकीचे तिघं पुढे गेलेले असतात. हातातलं सोडा, पुढची आकृती जिथून सुरू होते तिथे चालत जाऊन उभे राहा. कुठे जायचं कळेना, तर जोडीदाराकडे बघा, पायांकडे नको. डोळ्यांनी खुणावणारा कुणी ना कुणी असतोच.

रांग भरत असताना नव्या जोडीने शेवटी जाऊन उभं राहायचं, मध्ये घुसायचं नाही. 

परतीची शेवटची ट्रेन आधी बघून ठेवा. मलमलच्या गाऊनवर, सप्टेंबरच्या रात्री, बाथच्या फलाटावर थंडी चांगलीच बोचते.