हत्ती, उंदीर आणि कर्करोग: एमएस्सीला हा विषय घेणार असाल तर

बडोद्याला सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्रात एमएस्सी करताना मी प्रबंधाला हा विषय घेतला होता. आता ज्युनिअर विचारतात, म्हणून लिहितेय.

मूळ कोडं इंग्लंडमधले संख्याशास्त्रज्ञ रिचर्ड पेटो यांनी १९७७ मध्ये मांडलं. माणसाच्या अंगात उंदराच्या हजारपट पेशी, आयुष्यही तीसेक पट. मग कर्करोगही त्याच हिशेबात वाढायला हवा, पण तसं होत नाही. इथे एक गोष्ट आधी पक्की करा. एकाच जातीत आकाराचा फरक पडतो: उंच माणसांना कर्करोगाचा धोका थोडा जास्त असतो. कोडं आहे ते जाती-जातींची तुलना करताना. तोंडी परीक्षेत हमखास गफलत होते ती इथेच.

सगळे सुरुवात हत्तीपासून करतात. टीपी५३ या कर्करोग रोखणाऱ्या जनुकाच्या हत्तीत २० प्रती, माणसात एकच. बिघडलेली पेशी हत्तीत लवकर मरते. गोष्ट सुंदर आहे, पण माझं ऐका, आधी आकडे वाचायला शिका.

दांडिया बाजारच्या घरी आजीनं विचारलं होतं, "मग हत्तीला होतच नाही का गं?" होतो. २०१५ च्या अभ्यासात हत्तींतले साधारण ५ टक्के मृत्यू कर्करोगानं झालेले होते. माणसांत ते ११ ते २५ टक्के. आणि समजा, एखाद्या जातीच्या २० शवविच्छेदनांत एकही गाठ सापडली नाही, तरी खरं प्रमाण १५ टक्क्यांपर्यंत असू शकतं. तक्त्यातल्या शून्याशेजारी किती प्राणी तपासले ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वाद अजून मिटलेला नाही, म्हणून तर विषय घेण्यासारखा आहे. २०२२ मध्ये प्राणिसंग्रहालयांतल्या १९१ जातींच्या १,१०,१४८ सस्तन प्राण्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कर्करोगानं मरण्याचा आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. मांसाहारी प्राणी मात्र कर्करोगानं जास्त मरत होते. २०२५ मध्ये २६३ जातींवरच्या अभ्यासात मोठ्या जातींत गाठी जास्त निघाल्या. एकीकडे मृत्यू मोजलेत, दुसरीकडे गाठी, हे विसरू नका.

वाघ आणि सिंह सख्खे चुलत. त्यांना दोन स्वतंत्र आकडे धरता येत नाही, वंशवृक्ष हिशेबात घ्यावा लागतो. म्हणून पहिल्याच सत्रात 'आर' ही आकडेमोडीची संगणक-भाषा शिका, संख्याशास्त्राच्या विभागात कुणाशी तरी ओळख काढा. विषय आटोपशीर ठेवायचा तर फक्त मांसाहारी गण घ्या. २०२२ च्या शोधनिबंधासोबतचा जातवार तक्ता त्याला पुरतो.