‘फॉल बॅक’ हे इंग्रजी क्रियापद कसे समजून घ्यावे आणि कसे वापरावे

सोलापुरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना ‘फॉल’ आणि ‘बॅक’ हे दोन्ही शब्द ठाऊक असतात, म्हणूनच ते एकत्र आले की उत्तरपत्रिकेत ‘मागे पडणे’ असे लिहिले जाते. अभ्यासात किंवा शर्यतीत मागे पडणे यासाठी इंग्रजीत ‘फॉल बिहाइंड’ आहे. ‘फॉल बॅक’ म्हणजे मागे हटणे, माघार घेणे.

प्रथम माघारीचे स्वरूप पाहावे. सप्टेंबर १८१२ मध्ये बोरोदिनोच्या लढाईनंतर रशियन सैन्य मॉस्कोकडे मागे हटले आणि पुढे ते शहरही त्याने सोडले, पण सैन्य मोडले नव्हते. ‘द रशियन्स फेल बॅक टोवर्ड्स मॉस्को’ या वाक्याचे भाषांतर ‘रशियनांनी पळ काढला’ असे केले, तर अर्थाचा अनर्थ होतो.

त्यानंतर कर्ता तपासावा, कारण बहुतेक चुका इथेच होतात. या क्रियापदाला कर्म लागत नाही. जो मागे हटतो तोच कर्ता असतो. मे १९३० मध्ये सोलापुरात गोळीबार व जाळपोळ झाल्यानंतर पोलीस शहराबाहेर गेले आणि १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला, हा इतिहास इथे शाळेपासून शिकवला जातो. तो इंग्रजीत लिहिताना ‘द पोलीस फेल बॅक’ हे चालेल. मात्र ‘अधिकाऱ्यांनी पोलिसांना मागे घेतले’ असे म्हणायचे असेल, तर ‘पुल्ड बॅक द पोलीस’ असेच लिहावे लागेल. ‘फेल बॅक द पोलीस’ ही रचना चूक आहे.

रूपे फॉल, फेल, फॉलन अशी आहेत. यातले ‘फेल’ आपल्या नापास या अर्थाच्या ‘फेल’सारखेच कानावर पडते, म्हणून ऐकून लिहिताना स्पेलिंगकडे विशेष लक्ष द्यावे.

शेवटी पुढचे अव्यय पाहावे. ‘टू’ आले तर पुढे बहुधा मागे हटून गाठलेले ठिकाण असते. ‘ऑन’ आले तर बहुधा अडचणीत घेतलेला आधार असतो, आणि रोजच्या लेखनात हाच उपयोग अधिक कामाचा आहे. यंत्रमागाच्या ऑर्डर थांबल्यावर एखादे कुटुंब शिलकीवर घर चालवते, तेव्हा ‘दे फेल बॅक ऑन देअर सेव्हिंग्ज’ असे लिहावे. मराठीत आणताना इथे ‘माघार’ हा शब्द मनातही आणू नये. ‘शिलकीवर भागवले’ एवढे पुरे. लढाईच्या वर्णनात मात्र ‘ऑन’नंतर ठिकाणही येऊ शकते, म्हणून पुढचे नाम वाचल्याशिवाय अर्थ ठरवू नये.

बोलताना क्रियापदात जोर ‘बॅक’वर द्यावा. पर्यायी सोय या अर्थाचे ‘फॉलबॅक’ हे नाम जोडून लिहितात, आणि त्यात जोर ‘फॉल’वर येतो.