माल्टच्या पातेल्याला सोलापुरी चादर

बिअरचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भिजवायला खास भांडं कशाला? जाड बुडाचं पातेलं, मलमलची पिशवी आणि थर्मामीटर पुरे. १ किलो भरडलेल्या जवाच्या माल्टला ३ लिटर पाणी ७१ अंशांपर्यंत तापवा, गॅस बंद करा. पिशवीतलं माल्ट त्यात नीट ढवळा. गुठळ्या राहिल्या तर आतला स्टार्च कोराच राहतो, त्याची साखर होत नाही. मिश्रण ६६ अंशांच्या आसपास आलं की झाकण लावून पातेलं खाली उतरवा आणि जुनी सोलापुरी चादर दुहेरी गुंडाळा. तासभर सारखं उघडून बघू नका (हा मोह भारी!). नंतर थेंबभर रस बशीत घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीन टाका. काळानिळा झाला तर स्टार्च अजून शिल्लक आहे, आणखी वेळ द्या. तपासलेला थेंब फेकायचा. यीस्ट घालून आंबवायला मात्र महाराष्ट्रात परवाना लागतो. नसेल तर हा गोड रस गार करून तसाच प्या.