कॉपी-पेस्टचं ‘किरकोळ’ काम पहिल्यांदा हातात येतं तेव्हा

डेस्कटॉप सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत नवीन माणूस आला की त्याच्या वाट्याला लवकरच एक ठरलेलं काम येतं. आपल्या तक्त्यातल्या ओळी कॉपी करून एक्सेलमध्ये पेस्ट करता आल्या पाहिजेत, आणि एक्सप्लोररमधली फाइल ओढून आपल्या विंडोत सोडता आली पाहिजे. देणाऱ्याला ते किरकोळ वाटतं, घेणाऱ्यालाही. मी प्रयोगशाळांमधल्या उपकरणांसोबत जाणारं विंडोज सॉफ्टवेअर लिहितो, थोडं सी प्लस प्लसमध्ये, थोडं सी शार्पमध्ये. नव्यांना हे काम समजावून सांगायची पाळी माझ्यावर वारंवार येते, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

कोड लिहायच्या आधी क्लिपबोर्ड, म्हणजे कॉपी केलेलं जिथे ठेवलं जातं ती जागा, उघडून बघा. एक्सेलमध्ये चार सेल निवडा, कंट्रोल-सी दाबा आणि निरसॉफ्टचं इनसाइड-क्लिपबोर्ड किंवा तसलंच एखादं छोटं साधन चालवा. लिनक्सवर असाल तर एक्सक्लिप या कमांडला टार्गेट्स, म्हणजे उपलब्ध प्रकार, विचारा; वेलँड ही डिस्प्ले व्यवस्था असेल तर डब्ल्यूएल-पेस्टला प्रकारांची यादी मागता येते. समोर भलीमोठी यादी येईल: साधा मजकूर, युनिकोड मजकूर, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेला तक्ता), एचटीएमएल (वेबपानाचं रूप), आरटीएफ (फॉन्ट-सजावटीसकट मजकूर), चित्र आणि एक्सेलचे स्वतःचे दोन-तीन खासगी फॉरमॅट. निवड एकच, रूपं अनेक. नोटपॅड त्यातला मजकूर उचलतं, वर्ड सजावटीसकट घेतं, पेंट चित्र घेतं. कॉपी करणारा फक्त मांडून ठेवतो. काय उचलायचं ते पेस्ट करणारा ठरवतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

यादीचा क्रमही महत्त्वाचा आहे. सर्वांत जास्त माहिती असलेलं रूप आधी ठेवायचं आणि साधा मजकूर शेवटी, कारण बरेच प्रोग्रॅम यादी वरून खाली वाचतात आणि ओळखीचा पहिला फॉरमॅट दिसला की तोच घेतात.

तक्त्यासाठी मी तीन रूपं ठेवायला सांगतो. पहिलं आपलं खासगी रूप, म्हणजे आपल्याच प्रोग्रॅमच्या दुसऱ्या विंडोत पेस्ट केल्यावर एककं, दशांश, टिपा काहीच हरवत नाही. रजिस्टर-क्लिपबोर्ड-फॉरमॅट या विंडोजच्या फंक्शनला नाव दिलं की विंडोज एक क्रमांक देतं, आणि तेच नाव देणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला तोच क्रमांक मिळतो. म्हणून नाव कंपनी आणि उत्पादनाला धरून ठेवा, नुसतं ‘डेटा’ नको. आत काय ठेवायचं? डॉटनेटची (सी शार्प ज्यावर चालतं ती व्यवस्था) मंडळी पूर्वी ऑब्जेक्ट जसाच्या तसा ढकलत आणि पडद्याआड बायनरी-फॉरमॅटर ते काम करायचं. सुरक्षेच्या कारणावरून डॉटनेट ९ मध्ये ते काढून टाकलं. मुळातच ती सवय वाईट होती. सरळ जेसन, म्हणजे वाचता येणारा मांडणीबद्ध मजकूर, ठेवा आणि त्यात आवृत्ती क्रमांक घाला. ग्राहकाच्या एकाच मशिनवर जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी-शेजारी उघडी असू शकते, हे कुणाच्या मनातही येत नाही.

दुसरं एचटीएमएल, तिसरं टॅब घातलेला युनिकोड मजकूर. एक्सेलला टॅब दिसला की पुढचा सेल आणि नवी ओळ दिसली की पुढची रांग, त्यामुळे नुसत्या मजकुरावरही काम भागतं. पण प्रयोगशाळेत ते अंगावर येतं. नमुन्याचा क्रमांक ००४७ असेल तर पेस्ट झाल्यावर ४७ उरतो, आणि १२ई५ असेल तर त्याची बारा लाखांची संख्या होते. एक्सेलच्या या आगाऊपणापुढे जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनेही हात टेकले: मार्च-१ आणि सेप्ट-१ या जनुकांच्या तारखा होत होत्या, म्हणून २०२० च्या नियमावलीत अशी नावंच बदलली गेली. आपल्याला इतकं टोकाला जायला नको. एचटीएमएल रूपात त्या सेलच्या स्टाइलमध्ये एमएसओ-नंबर-फॉरमॅट मजकुराचा ठेवला, की एक्सेल त्याला हात लावत नाही. एचटीएमएल रूप ठेवायचं खरं कारण सजावट नव्हे, हे आहे.

आता मराठी माणसाने लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये तरी सुटू नये अशी गोष्ट. विंडोजच्या एचटीएमएल फॉरमॅटच्या डोक्यावर एक छोटी नोंद असते: मजकूर कुठून सुरू, कुठे संपतो, निवडलेला तुकडा कुठून कुठवर. हे आकडे बाइटमध्ये मोजायचे असतात आणि मजकूर यूटीएफ-८ या युनिकोडच्या बाइट-संकेतात असतो. ‘रुग्णाचे नाव’ हे शब्द घ्या. सी शार्पमध्ये स्ट्रिंगची लांबी विचारली तर १२ येते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, मधली मोकळी जागा १, म्हणजे एकूण ३४. जो लांबीवरून हिशेब करतो त्याचा तुकडा २२ बाइट आधीच संपतो, आणि वर्डमध्ये शेवटचे शब्द गायब होतात. इंग्रजीत तपासलं तर चूक दिसतच नाही, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. म्हणून माझा आग्रह असतो की चाचणीचा पहिला मजकूर मराठीच असावा, तोही जोडाक्षरांसकट. आणखी एक: डोक्यावरच्या नोंदीतले आकडे पुढे शून्यं लावून ठरावीक रुंदीचे ठेवा, नाहीतर आकड्यातले अंक वाढले की नोंदीचीच लांबी बदलते आणि सगळा हिशेब पुन्हा करावा लागतो.

साध्या मजकुराचे दोन फॉरमॅट दिसतील, सीएफ-टेक्स्ट आणि सीएफ-युनिकोडटेक्स्ट. पहिल्याकडे वळू नका. तो सिस्टिमच्या जुन्या कोडपेजवर, म्हणजे मर्यादित अक्षरांच्या संकेत-तक्त्यावर, चालतो, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये त्यात देवनागरीला जागाच नाही, त्यामुळे प्रश्नचिन्हांची माळ हाती येते. फक्त युनिकोड ठेवा. एखाद्या पुराण्या प्रोग्रॅमने सीएफ-टेक्स्ट मागितलाच तर विंडोज तो स्वतः बनवून देतं.

याच्या उलट एक तक्रार येते, ती आपल्या दोषाची नसते. ग्राहक जुन्या डीटीपीच्या फाइलमधून मराठी मजकूर कॉपी करतो, आपल्या खिडकीत पेस्ट करतो आणि रोमन अक्षरांचा काला दिसतो. ‘वर्डमध्ये तर नीट येतं’ हे वाक्य ठरलेलं. युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये आतले संकेत रोमन अक्षरांचेच असायचे, फक्त त्यांवर मराठी आकार चढवलेले. आरटीएफ फॉन्टचं नाव सोबत नेतं म्हणून वर्डमध्ये ते मराठी दिसतं. साध्या मजकुरात फॉन्टचं नाव जात नाही. क्लिपबोर्डचा कोड कितीही ढवळला तरी यावर इलाज नाही, वेगळा परिवर्तक लागतो. हे सपोर्टवाल्यांना आधीच सांगून ठेवा.

ड्रॅग-अँड-ड्रॉपला नवीन काही शिकायचं आहे असं वाटतं, पण डेटा देण्याची व्यवस्था तीच आहे: आयडेटाऑब्जेक्ट हा इंटरफेस, तीच फॉरमॅटची यादी. क्लिपबोर्डसाठी लिहिलेला वर्ग इथे जसाच्या तसा चालला पाहिजे. चालत नसेल तर मांडणी चुकली. वेगळं आहे ते वागणं. माउस आत आला की ड्रॅगएंटरमध्ये आपण काय करणार ते सांगायचं, कॉपी की मूव्ह. सांगितलं नाही तर मनाईचं चिन्ह दिसत राहतं. उत्तर कॉपी असंच द्या. मूव्ह म्हटलं तर देणारा प्रोग्रॅम मूळ गोष्ट पुसून टाकू शकतो, आणि ग्राहकाचा रिपोर्ट त्याच्या फोल्डरमधून नाहीसा झाल्यावर तो तुम्हाला फोन करणार. ड्रॉपमध्ये फाइल वाचत बसू नका. ड्रॉपचं फंक्शन परतेपर्यंत एक्सप्लोररची ती विंडो गोठून राहते. फक्त नावांची यादी घ्या, परत फिरा आणि काम नंतर करा.

‘ड्रॉप होतच नाही, कोड बरोबर आहे’ अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी विचारतो, व्हिज्युअल स्टुडिओ अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला आहे का? तसा चालवला की त्यातून सुरू केलेला आपला प्रोग्रॅमही वरच्या दर्जाचा होतो, आणि साध्या दर्जाच्या एक्सप्लोररमधून त्यात काही सोडणं विंडोज चालू देत नाही. ना एरर, ना लॉग.

आउटलुकमधली जोडलेली फाइल ओढून आणली तर आणखी गंमत. ती डिस्कवर नसतेच, त्यामुळे फाइलनावांचा सीएफ-एचड्रॉप यादीत सापडत नाही. त्याऐवजी फाइलग्रुप-डिस्क्रिप्टर असतो, त्यात नावं, आणि प्रत्येक क्रमांकासाठी फाइलकंटेंट्स वेगळं मागायचं. एकाहून अधिक फाइली असल्या की क्रमांक देता आला पाहिजे, आणि विनफॉर्म्स या डॉटनेटच्या विंडो-लायब्ररीच्या साध्या गेटडेटामध्ये तो देता येत नाही. तिथे खाली उतरून विंडोजच्या कॉम इंटरफेसशीच बोलावं लागतं. प्रयोगशाळेत निम्मे रिपोर्ट मेलने येतात, तेव्हा हे टाळता येत नाही. वेळेचा अंदाज विचारतील तेव्हा हा भाग वेगळा मोजा.

क्लिपबोर्ड एका वेळी एकालाच उघडता येतो. रिमोट डेस्कटॉप किंवा एखादा क्लिपबोर्ड मॅनेजर नेमका त्या क्षणी आत असला तर आपलं उघडणं फसतं. थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, आणि स्वतः उघडल्यावर लगेच बंद करायचं. मोठा डेटा असेल तर मागणी आल्यावरच बनवून देण्याची सोय आहे. फक्त प्रोग्रॅम बंद होताना ओएलई-फ्लश-क्लिपबोर्ड बोलवायला विसरू नका, नाहीतर मागायला येणाऱ्याला द्यायला कुणी उरत नाही.

आणि आमच्या क्षेत्रापुरतं एक. ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये क्लिपबोर्डचा इतिहास चालू केलेला असला तर विंडोज-व्ही दाबलं की तो दिसतो, आणि सिंक चालू केलं तर तो दुसऱ्या मशिनवरही जातो. रुग्णाचं नाव आणि एचआयव्हीचा निकाल असलेली ओळ त्यात राहिली, तर काउंटरवर पुढच्या पाळीला बसणाऱ्यालाही ती दिसते. अशा कॉपीसोबत ‘एक्सक्लूड क्लिपबोर्ड कंटेंट फ्रॉम मॉनिटर प्रोसेसिंग’ या नावाचा फॉरमॅट ठेवला की विंडोज तो मजकूर इतिहासात घेत नाही. आमच्याकडे रुग्णाची माहिती असलेल्या प्रत्येक तक्त्यावर हे सक्तीचं आहे, आणि कोड तपासताना मी सर्वांत आधी तेच शोधतो.